पंचाचं घड्याळ घेतलं साडेचार हजाराला, सहा महिने वापरून लिहितोय

आधीच सांगतो, हे घड्याळ मिरवायला नाही. जाड आहे, प्लास्टिकचं आहे, लग्नात घालून गेलात तर घरची बोलणारच. फुटबॉलच्या पंचासाठीच बनवलेलं आहे आणि ज्याला शिट्टी फुंकायची नाही त्याला ह्याचा उपयोग शून्य. मी कोल्हापूरचा, रविवारी बारक्या पोरांच्या आणि अधेमधे मोठ्यांच्या लोकल मॅचला पंच म्हणून उभा राहतो, मानधन विचारू नका, पेट्रोल आणि मिसळ सुटते एवढं समजा. शाहू स्टेडियमवरच्या मोठ्या मॅचा वेगळ्या, तिथं मैदानाबाहेर चौथा पंच असतो, जादा मिनिटांचा आकडा दाखवायचा बोर्ड असतो, पोलीस पण असतात. आमच्याकडं पंच एक, लाईनमन मिळाले तर दोन, आणि बाकी सगळं मैदान जन्मजात पंच.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण एकच माल चार नावांनी विकतात असं दिसतंय, फोटो सगळीकडं तोच, फक्त पट्ट्यावरची पट्टी बदलते. ऑनलाईन मागवलं, साडेचार हजार.

का घेतलं ते सांगतो. आधी माझ्याकडं कॅसिओचं काळं एफ-९१डब्ल्यू होतं, ते सगळ्यांकडं असतंय ते. त्याचं स्टॉपवॉच तासाभराचं असतं, हाफ मोजायला पुरतं, बॅटरी वर्षानुवर्षं जात नाही, काय विषय नाही. पण स्टॉपवॉच एकच. ते चालू ठेवलं की किती मिनिटं झाली ते कळतं, पण मधे किती वेळ वाया गेला ते डोक्यात ठेवायला लागतं आणि डोक्यात आधीच ऑफसाईड, फाऊल, कोण कुणाला शिव्या देतोय हे सगळं चालू असतं. म्हणून जुने पंच दोन्ही मनगटावर दोन घड्याळं घालतात, एक न थांबता चालणारं आणि एक खेळ थांबला की थांबवायचं. मला दोन घड्याळं घालायची लाज वाटायची खरं तर, म्हणून मग हाफच्या शेवटी काय व्हायचं, वाया गेलेल्या वेळेबद्दल जादाची अंदाजे तीन मिनिटं. मॅच कसलीबी असू दे, तीन. गोल झाले पाच, एक पोरगं लंगडत बाहेर गेलं, बॉल शेजारच्या बंगल्यात जाऊन कुत्र्यानं धरला, तरी तीन.

आता ह्या घड्याळात काय आहे तर दोन मोड. पहिल्यात मोठ्या आकड्यात मॅचची वेळ चढत जाते आणि ती थांबतच नाही, तुम्ही खालचं बटन दाबलं की तिच्या खाली बारक्या आकड्यात दुसरा काटा चालू होतो, म्हणजे वाया गेलेला वेळ, परत दाबलं की तो थांबतो. हाफ संपायला आला की खालचा आकडा बघायचा, तोच तुमचा इंजुरी टाइम. दुसरा मोड उलटा, ४५ वरनं खाली येतो आणि बटन दाबलं की जागेवर थांबतो, शून्य झालं की हाफ संपला. मी दुसरा मोड दोनदा वापरून सोडून दिला, कारण कॅप्टन येऊन विचारतो सर किती राहिलं, आणि तुम्ही सांगता सहा, आणि मग त्याच्या मोबाईलमध्ये दोनच राहिलेले असतात, मग तिथंच चर्चासत्र. पहिला मोड बेस्ट. दर ३० सेकंदाला, तुम्ही थांबवलेलं असेल तर, हातावर थरथरतं, म्हणजे परत चालू करायचं विसरू नये म्हणून. ही एक गोष्ट फार भारी आहे.

पण घड्याळ घेतलं म्हणजे इंजुरी टाइम कळला असं नाही, हे मला पहिल्याच मॅचला समजलं. नवीन खेळणं, मी काय केलं, बॉल बाहेर गेला की बटन, थ्रो टाकला की बटन, गोल किक, बटन, कॉर्नर, बटन. ३५ मिनिटांचा हाफ होता. शेवटी खाली बघतोय तर चौदा मिनिटं! मला वाटलं पीस खराब आला, परत करायचा फॉर्म पण भरायला घेतला होता. घड्याळ बरोबरच होतं, मीच चुकलो होतो. टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये पण ९० मिनिटांच्या मॅचमध्ये बॉल खरा खेळात असतो ५५ ते ६० मिनिटंच, बाकी सगळं थ्रो, गोल किक, फ्री किकची भिंत लावणं ह्यात जातं, आणि ते जायचंच असतं. हॉकीत पंच डोक्यावर दोन्ही मनगटं क्रॉस करतो आणि घड्याळ खरंच थांबतं, फुटबॉलमध्ये घड्याळ थांबत नाही. थ्रो आणि गोल किकसारखं थांबणं नैसर्गिक आहे, त्याचा वेळ तेव्हाच धरायचा जेव्हा कोणी जास्तीचा लावतो.

मग बटन दाबायचं कशाला तर सब म्हणजे बदली खेळाडू घेताना, जखमी खेळाडू तपासताना किंवा बाहेर नेताना, मुद्दाम वेळकाढू चालू असेल तर, कार्ड दाखवताना, पाणी प्यायला थांबवलं तर (एक मिनिटाच्या वर नको, आणि उन्हाळ्यातला कूलिंग ब्रेक दीड ते तीन मिनिटं), मोठ्या मॅचमध्ये व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासतात ते), आणि गोल झाल्यावरचा नाच. गोलचं आता नियमात नाव घेऊन लिहिलंय, २०२३ पासनं. आधी लोक धरायचे नाहीत, आणि सबला तर जुना ठोकताळा होता, एका सबला ३० सेकंद, मग तो खेळाडू पळत गेला काय किंवा वारीला निघाल्यासारखा चालत, सगळ्यांना टाळ्या देत, मोजे वर करत गेला काय.

२०२२ च्या कतार वर्ल्डकपला हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. फिफाच्या पंचांचा प्रमुख कोलिना, तो टकलू, डोळे मोठे, त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की ह्यावेळी वाया गेलेला वेळ नीट मोजणार. आणि २१ नोव्हेंबरला इंग्लंड-इराण. आपल्याकडं संध्याकाळी साडेसहाची मॅच होती, आमच्या मंडळात टीव्ही लावलेला, म्हटलं साडेआठला घरी जाऊ जेवायला. इराणचा गोलकीपर बेइरानवंद सुरुवातीलाच स्वतःच्याच डिफेंडरवर डोकं आपटून पडला, बराच वेळ उपचार, मग उठला, मग परत बसला आणि शेवटी बाहेर. पहिल्या हाफला बोर्ड लागला १४! टीव्ही बघणाऱ्या एकानं उठून केबल हलवून बघितली. दुसऱ्या हाफला १० लागला आणि खेळ चालला तेरा मिनिटांच्या वर, त्यात इराणच्या तारेमीनं पेनल्टी मारली ९० अधिक १३ ला. ६-२ हारले तरी शेवटपर्यंत खेळत होते. दोन्ही हाफ मिळून जादाची २७ मिनिटं, म्हणजे अर्ध्या हाफाच्या वर. त्या रात्री मंडळात सगळे म्हणत होते येडे झालेत हे, मी एकटा म्हणत होतो बरोबर आहे, तेव्हा मी अजून अंदाजे तीनवाला होतो हे कोणाला सांगितलं नाही.

आणि गंमत बघा, तोच कोलिना १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला पंच होता, बार्सिलोनात, बायर्न आणि मँचेस्टर युनायटेड. सहाव्या मिनिटापासनं बायर्न १-० पुढं, चौथ्या पंचानं बोर्ड दाखवला तीनचा, आणि त्या तीन मिनिटांत दोन कॉर्नर, दोन गोल, युनायटेडचे शेरिंगहॅम आणि सोल्शेर, खल्लास. मॅच संपताना बायर्नची पोरं गवतावर पडलेली आणि हाच कोलिना त्यांना हाताला धरून उठवत होता. तीन मिनिटं म्हणजे किती असतात ते त्याच्याएवढं कोणी जवळनं बघितलं नसेल.

आता माझ्या मॅचवर येतो, कारण रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तीच आहे. मार्चमधली गोष्ट, दोन शेजारच्या पेठांतल्या टीम, नावं नको, नाहीतर मला त्या रस्त्यानं जाता यायचं नाही. दुसरा हाफ, १-०. पाच सब झाले. एक पोरगं पोटरी धरून दोन मिनिटं पडलं. एक पिवळं कार्ड, त्यावर अर्धी टीम माझ्याभोवती. गोल झाला तेव्हा सगळे कुंपणावर चढलेले. मी प्रत्येक वेळी शिस्तीत बटन दाबलेलं. ३५ वं मिनिट संपत आलं तसं खाली बघितलं, ६:४०. बोर्ड नाही, म्हणून मी दोन्ही कॅप्टनना हाक मारून बोटं दाखवली, सहा. पुढं असलेल्या टीमच्या बाकावरनं लगेच,

"ओ पंच, सहा कशाचे? तुमची तर तीनच असतात की!"

खरं होतं ना. माझी सवय गावाला पाठ झालेली. तीन मिनिटं काढायची एवढाच त्यांचा प्लॅन होता. मग त्या सहात त्यांच्या गोलकीपरनं बूट बांधायला घेतला. बांधला, सोडला, परत बांधला. मी बटन दाबलं, ४० सेकंद त्याचे. एकजण पडला, तपासायला लावलं, अजून अर्धं मिनिट. सहा मिनिटं झाली, मी शिट्टी मारली नाही. सात झाली. आणि सातव्या मिनिटाच्या पुढं कॉर्नरवरनं डोकं लागून गोल, १-१.

त्यानंतर जे झालं ते लिहीत नाही, एवढंच सांगतो की माझ्या मोटारसायकलच्या सीटवर कोणीतरी उसाचा रस ओतला.

"सहा म्हणालात की सर! सहा म्हणालात!" त्यांचा कोच, वयानं मोठा माणूस, माझ्यापेक्षा चांगला खेळलेला, घसा फोडून सांगत होता. आणि मी त्याला घड्याळ दाखवत होतो, जणू काय घड्याळ साक्षीदार आहे. मी बोटं दाखवली ती कमीत कमी सहा होती. नियमच तसा आहे, दाखवलेला आकडा कमीत कमीचा, पंच तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही, इंजुरी टाइममध्ये वेळ वाया घालवला तर त्याच्यावर परत वेळ चढतो. पण मैदानावर कमीत कमी हा शब्द कोणालाच ऐकू जात नाही, आकडाच ऐकू जातो. माझी चूक एवढी की मी सहा दाखवताना तोंडानं कमीत कमी म्हणालो नव्हतो. आता दरवेळी म्हणतो, दोनदा म्हणतो.

त्यावर एकजण म्हणाला की मग कॉर्नर मिळायच्या आधी शिट्टी मारायची होती, किंवा कॉर्नर मारल्यावर मारायची. मारता आली असती की. कॉर्नर पूर्ण होऊ द्यायचाच असं नियमात कुठंही नाही, फक्त पेनल्टी असेल तर ती संपेपर्यंत हाफ वाढवायला लागतो. १९७८ च्या वर्ल्डकपला वेल्सचा पंच क्लाइव्ह थॉमस ब्राझील-स्वीडन मॅचमध्ये असाच होता, शेवटचा कॉर्नर आला आणि बॉल हवेत असताना ह्यानं शिट्टी मारली, तेवढ्यात ब्राझीलच्या झिकोनं डोक्यानं गोल घातला. गोल नाही, १-१. नियमानं बरोबर होता आणि आज जवळजवळ पन्नास वर्षं झाली तरी लोक त्याला सोडत नाहीत. मला असलं काही नको, माझ्याकडं मोटारसायकल एकच आहे.

पण माझा वेळ बरोबर होता का हे मी घरी येऊन रात्री परत परत मोजलं. होता. आणि मग एक विचार आला तो जरा बोचरा आहे, की इतकी वर्षं मी जी तीन-तीन मिनिटं देत आलो त्यात किती पोरांची तीन-चार मिनिटं खाल्ली असतील. दरवेळी मागं असलेल्या टीमची. त्यांनी कधी भांडण केलं नाही, कारण त्यांना पण तीनच माहीत होतं.

बरं, तक्रारी.

एक, बटन फार हलकं आहे. घामानं, बाहीनं, मनगट मागं वाकवलं की आपोआप दाबलं जातं. एप्रिलमध्ये पहिल्या हाफात असं झालं, मी पळता पळता पडलो, बटन दाबलं गेलं, आणि थरथर जाणवलीच नाही. हाफ संपताना बघतो तर खाली भलताच आकडा, मी त्याच्यावर विश्वास ठेवून अडीच मिनिटं जास्त खेळवली. हाफटाइमला लाईनमननं सांगितलं तेव्हा कळलं. आता तुम्ही म्हणाल मग दुसऱ्या हाफात अडीच मिनिटं कमी करायची, नाही, तेच करता येत नाही, पहिल्या हाफातली वेळेची चूक दुसऱ्या हाफात भरून काढायची नाही असं नियमात स्पष्ट आहे. झाली ती झाली. गप्प बसायचं आणि चहा प्यायचा. त्यामुळं आता हाताला उलटं घालतो, बटन कोपराच्या बाजूला. कंपनीला एवढं सुचायला नको होतं का? लॉकचं बटन दिलंय पण ते उघडायला तीन सेकंद धरून ठेवायला लागतं, तोवर इकडं जखमी खेळाडू उठून बरा पण झालेला असतो.

दोन, थरथर. उभं राहिलात तर जाणवते, पळताना नाही. पंच उभा राहतो कुठं.

तीन, दुपारच्या उन्हात आकडा दिसत नाही, खासकरून खालचा बारका, म्हणजे नेमका जो बघायचाय तोच. सावली करून बघायला लागतं आणि तसं मनगटाला हात लावून उभं राहिलं की सगळ्या मैदानाला वाटतं आता शिट्टी मारणार, मग सगळे ओरडायला लागतात.

चार, पट्टा. दोन महिन्यात भेग. विकणाऱ्याला मेसेज केला, त्यानं फोटो मागितला, फोटो पाठवला, परत फोटो मागितला, दुसऱ्या बाजूनं, मग बिल, मग डब्याचा फोटो. डबा कोण ठेवतं? घरच्यांनी त्यात सुया-दोरे ठेवलेले, तसाच फोटो काढून पाठवला. तीन आठवड्यांनी नवीन पट्टा आला, तो पण चुकीच्या मापाचा. इथंपण वेळकाढूपणाच, ह्याला पिवळं कार्ड.

चार्जिंगची भानगड नाही, सेल आहे, बटनाएवढा, शंभर-दीडशेत मिळतो, हे मात्र चांगलं. मित्राकडं स्मार्टवॉच आहे, त्यात पंचाचं ॲप टाकलंय, हार्टबीट, किती पळालो, सगळं दाखवतं, पण ऐन मॅचमध्ये मनगटावर बायकोचा मेसेज येतो की येताना कोथिंबीर आणा. २०१८ च्या रशिया वर्ल्डकपला पंचांना हुब्लो ह्या घड्याळाच्या कंपनीनं खास स्मार्टवॉच दिलेलं, गोल लाईन ओलांडली की मनगटावर लगेच कळायचं, विकायला २०१८च नग काढले होते, किंमत लाखात. त्यात पण वाया गेलेला वेळ माणसालाच ठरवायला लागायचा हे लक्षात घ्या.

आणि घड्याळ कितीपण भारी असू दे, डोकं जागेवर पाहिजे. २०२२ च्या आफ्रिका कपला ट्युनिशिया-माली मॅचमध्ये झांबियाचा सिकाझवे पंच होता, मोठा अनुभवी माणूस, त्यानं ८५ व्या मिनिटालाच शिट्टी मारली, लोकांनी दाखवल्यावर परत खेळ चालू केला, आणि मग नव्वद व्हायच्या आधीच काही सेकंद परत संपवली. इंजुरी टाइम शून्य, त्या हाफात पेनल्टी, व्हीएआर, लाल कार्ड सगळं झालेलं असताना. नंतर अधिकाऱ्यांनी राहिलेली मिनिटं खेळायला दोन्ही टीम बोलवल्या, माली मैदानात आली, ट्युनिशिया आलीच नाही. मागनं कळलं त्याला ऊन लागलं होतं. लोक हसले त्याच्यावर, मला हसू येत नाही, एप्रिलच्या दुपारी आमच्या मैदानावर उभं राहून बघा, घड्याळ सोडा, स्वतःचं नाव आठवत नाही. तेव्हापासनं पाण्याचा ब्रेक मी पोरांसाठी देतो असं म्हणतो, पण त्यातला घोट माझा पण असतो, आणि बटन दाबून घेतो.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापलाय उन्हातल्या आकड्यासाठी, अर्धा बटनासाठी, अर्धा त्या पट्टेवाल्यासाठी. नवीन पंच असाल आणि चौथा पंच मिळत नसेल तर घ्या, नक्की घ्या. घेतलं की पहिल्या दोन मॅच घरी टीव्हीसमोर बसून वापरा, टीव्हीवरच्या पंचाच्या आधी आकडा काढायचा आणि बोर्ड लागला की जुळतोय का बघायचा, माझा आता एक-दीड मिनिटाच्या फरकानं येतो. राखाडी रंग घेऊ नका, त्याच्यावर लाल मातीचे डाग बसतात ते जात नाहीत, काळाच घ्या. आणि त्या दोन पेठांची परत मॅच लागली आहे पुढच्या रविवारी, पंच म्हणून परत मलाच बोलवलंय, कोचनं स्वतः फोन करून सांगितलं, फक्त म्हणाला, "सर, यावेळी मी पण घड्याळ घेतलंय."